दोन पंचशील आणि चौ एन लाय

चळवळीच्या अभ्यास शिबिरात परराष्ट्र धोरणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. बाबासाहेब बौद्ध धम्माकडे निघालेले, मग त्यांनी संसदेत पंचशीलाला विरोध का केला? लाल झेंड्याचे मित्र तर उघडच म्हणतात, की बाबासाहेब अमेरिकेच्या बाजूचे होते म्हणून त्यांनी चीनला विरोध केला. आपला कार्यकर्ता अशा वेळी गप्प बसतो, कारण त्याला विहारातले पंचशील ठाऊक असते आणि दिल्ली-पेकिंगचे पंचशील ठाऊक नसते.

विहारात आपण पंचशील घेतो ते स्वतःला बांधून घेण्यासाठी. शेजारी पाळतो की नाही हे बघून मी पाळीन, अशी त्यात अट नाही. २९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंगमध्ये सही झालेल्या भारत-चीन करारातील पाच तत्त्वे काढून बघा. प्रादेशिक अखंडतेचा परस्पर आदर, परस्पर अनाक्रमण, परस्परांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे, समानता व परस्पर लाभ, आणि शांततामय सहजीवन. पहिल्या चारांत परस्पर हा शब्द ठासून भरला आहे. म्हणजे तो करार आहे, शील नव्हे. आणि ज्या माणसाने ही तत्त्वे ३१ डिसेंबर १९५३ रोजी भारतीय शिष्टमंडळासमोर प्रथम मांडली तो माणूस म्हणजे चीनचे पंतप्रधान व परराष्ट्रमंत्री चौ एन लाय. बाबासाहेबांची टीका समजून घ्यायची तर टेबलाच्या पलीकडे बसलेला हा माणूस कोण होता, हे समजून घेतले पाहिजे.

चौ एन लाय यांचा जन्म ५ मार्च १८९८ चा, क्यांगसू प्रांतातील ह्वायआन गावचा. घराणे मूळचे शाओशिंगचे. हे शाओशिंग चिनी इतिहासात एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. तिथली माणसे पिढ्यान्पिढ्या अंमलदारांच्या कचेऱ्यांत सल्लागार आणि कारकून म्हणून जात. आपल्याकडच्या भाषेत बोलायचे तर शिरस्तेदारांचे गाव. अंमलदार बदलत, शिरस्तेदार राही. कोर्टकचेरीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हा तपशील फार बोलका वाटतो, कारण पुढे पन्नास वर्षे या माणसाने जे केले त्यात हा शिरस्तेदार वारंवार दिसतो.

बालपण पोरकेपणाचे. तान्हेपणीच धाकट्या चुलत्याच्या घरी दत्तक दिले. दहा वर्षांचे होईपर्यंत जन्मदाती आणि दत्तक आई, दोघीही गेल्या. सरदारकी मिरवणाऱ्या घरात कर्जफेडीसाठी सामान गहाण पडू लागले. १९१० मध्ये मांचुरियातील चुलत्याकडे आणि तिथून १९१३ मध्ये तिएन्त्सिनच्या नानकाई शाळेत. पुढे जपान. तिथे दीड वर्ष काढून १९१९ मध्ये ते परतले तेव्हा चीनचे विद्यार्थी रस्त्यावर आले होते. पहिल्या महायुद्धात चीन विजेत्यांच्या बाजूने होता, तरी व्हर्सायच्या तहात शांतुंगमधील जर्मनांचे हक्क चीनला न देता जपानला देऊन टाकले गेले. ४ मे १९१९ चे आंदोलन पेटले ते या अपमानावर. चीनच्या कम्युनिस्ट परराष्ट्र धोरणाचा उगम शोधायचा तर तो मार्क्सच्या ग्रंथात शोधण्याआधी इथे शोधावा. परक्यांनी लादलेले विषम तह फाडून टाकायचे, ही आग आधीची. मार्क्सवाद नंतर आला.

चौंनी तिएन्त्सिनमध्ये विद्यार्थ्यांची संघटना बांधली. त्यात डेंग यिंगचाओ नावाची एक मुलगी होती, तिच्याशी १९२५ मध्ये त्यांचे लग्न झाले. १९२० च्या जानेवारीत अटक, सुमारे सहा महिने तुरुंग, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोटीने फ्रान्सला रवाना. पॅरिस आणि बर्लिन येथे १९२४ पर्यंत राहून ते पक्षाचे युरोपातील संघटक बनले. याच सुमारास आपले बाबासाहेब लंडनमध्ये होते, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात पोटाला चिमटा काढून वाचत होते. एक जण पक्ष घेऊन परतला, दुसरा बॅरिस्टरची सनद आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध घेऊन. या दोन वाटांची तुलना करण्याचा मोह होतो. पण तो इथे आवरतो.

परतल्यावर चौंना काम मिळाले व्हाम्पोआच्या लष्करी विद्यालयात, राजकीय विभागाचे प्रमुख म्हणून. विद्यालयाचे मुख्य होते चँग कै शेक. कम्युनिस्ट आणि कुओमिंतांग यांची तेव्हा आघाडी होती, आणि ती मॉस्कोच्या सल्ल्याने झाली होती. १२ एप्रिल १९२७ रोजी चँगने शांघायमध्ये आपल्याच मित्रपक्षाच्या कामगारांवर गोळ्या चालवल्या, हजारो मारले गेले. चौ थोडक्यात वाचले. मॉस्को दूर बसून सांगते आणि मरतात आपली माणसे, हा धडा चिनी कम्युनिस्टांना तिथे मिळाला. १ ऑगस्ट १९२७ चा नानचांगचा उठाव झाला त्याचे नेतृत्व चौंकडे होते. तो फसला, पण चीनचे सैन्य आजही तो दिवस आपला स्थापना दिन मानते.

यानंतरची शांघायमधील चार वर्षे चौंच्या चरित्रकारांना अडचणीची जातात. पक्षाची गुप्त यंत्रणा त्यांनी उभी केली होती. १९३१ च्या एप्रिलमध्ये तिचा एक प्रमुख गू शुनचांग पकडला गेला आणि फुटला. चौंनी उरलेल्या यंत्रणेला वाचवले, आणि गूच्या कुटुंबातील माणसांना ठार करण्याचा निर्णय घेतला गेला त्यात ते होते. प्रेते जमिनीत पुरलेली सापडली. सुसंस्कृत, मृदुभाषी, हसतमुख अशी जी चौंची प्रतिमा जगाने पुढे पाहिली ती खोटी नव्हती. पण तिच्या आत हेही होते. साध्यासाठी साधन कोणतेही चालते काय, हा बाबासाहेबांचा प्रश्न अशाच ठिकाणी उभा राहतो.

१९३२ मध्ये कम्युनिस्टांच्या मुक्त प्रदेशात माओला लष्करी जबाबदारीतून दूर केले गेले आणि ती जागा चौंनी घेतली. म्हणजे त्या वेळी चौ वर होते आणि माओ खाली. जानेवारी १९३५ मध्ये लाँग मार्चच्या वाटेवर झुन्यी येथे बैठक झाली. लढाई हरण्याचे खापर कोणावर, हा प्रश्न होता. चौंनी आपली चूक कबूल केली आणि माओच्या बाजूने उभे राहिले. त्या दिवसापासून मरेपर्यंत, चाळीस वर्षे, ते दुसऱ्या क्रमांकावर किंवा त्याही खाली राहिले, आणि माओला जुन्या वरचढपणाची आठवण कधी होऊ नये यासाठी पुन्हा पुन्हा स्वतःची निर्भर्त्सना करत राहिले.

डिसेंबर १९३६ मध्ये शिआन येथे चँगला त्याच्याच सेनापतींनी कैद केले. नऊ वर्षांपूर्वी कत्तल करणारा शत्रू हाती सापडला होता. चौ विमानाने तिथे गेले आणि वाटाघाटी अशा केल्या की चँग जिवंत सुटला व जपानविरुद्ध संयुक्त आघाडी झाली. मॉस्कोलाही तेच हवे होते हे खरे. मुख्य शत्रू कोण ते ठरवायचे आणि बाकीच्यांशी, अगदी कालच्या मारेकऱ्याशीही, हात मिळवायचा. पुढे १९७२ मध्ये निक्सन पेकिंगला आले तेव्हा जगाला धक्का बसला, पण शिआनचा इतिहास जाणणाऱ्याला बसायला नको होता.

जपानविरोधी युद्धाच्या काळात चौ राजधानी चुंगकिंगमध्ये पक्षाचे प्रतिनिधी म्हणून राहिले. कम्युनिस्ट चीनचे परराष्ट्र खाते खऱ्या अर्थाने इथे जन्मले. खाते कसले, काही इंग्रजी जाणणारे तरुण, एक वर्तमानपत्र आणि परदेशी बातमीदारांना चहा पाजणारे स्वतः चौ. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच काळात भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्यांच्या कुटुंबाला सांत्वनाचे पत्र पाठवले ते चौंनीच. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेचे एक लष्करी पथक येनानला आले, आणि लगेच ऑगस्टमध्ये पक्षाने परराष्ट्र कामाबद्दलचा आपला पहिला सविस्तर आदेश काढला. जानेवारी १९४५ मध्ये तर माओ आणि चौ यांनी वॉशिंग्टनला येऊन रुझवेल्टना भेटण्याची तयारी कळवली होती. अमेरिकन राजदूत हर्ले यांनी ती वाट बंद केली. जे आपल्याला सांगतात की चीन पहिल्यापासून रशियाचा बगलबच्चा होता, त्यांनी हे पान वाचावे.

१ ऑक्टोबर १९४९ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. चौ पंतप्रधानही आणि परराष्ट्रमंत्रीही. धोरणाची भाषा घरगुती होती. जुन्या राजवटीने केलेले संबंध तसेच्या तसे घ्यायचे नाहीत, नवी चूल मांडायची. आधी घर झाडून काढायचे, मग पाहुणे बोलवायचे. आणि दोन गटांपैकी एका बाजूला, म्हणजे रशियाकडे, झुकायचे. जुन्या मुत्सद्द्यांवर विश्वास नव्हता, म्हणून लाँग मार्च केलेल्या सेनापतींनाच राजदूत करून पाठवले. दिल्लीला आलेले पहिले राजदूतही सेनापतीच होते. १४ फेब्रुवारी १९५० चा रशियाशी तह झाला, तीस कोटी डॉलर्सचे कर्ज मिळाले. घासाघीस चौंनी केली.

त्याच वर्षी कोरियाचे युद्ध सुरू झाले. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चौंनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना झोपेतून उठवून बोलावले आणि निरोप दिला, की अमेरिकन सैन्याने ३८ वा अक्षांश ओलांडला तर चीन युद्धात उतरेल. दिल्लीने तो वॉशिंग्टनला पोचवला. वॉशिंग्टनने पणिक्करांना चीनधार्जिणे ठरवून तो बाजूला टाकला. अमेरिकन सैन्य पुढे गेले, आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात चिनी सैन्याने यालू नदी ओलांडली. लाखो माणसे मेली. चौ पोकळ धमकी देत नाहीत, हे अमेरिकेला त्यानंतर कळले. दिल्लीला ते १९५० मध्येच कळायला हवे होते, कारण निरोप्या आपलाच होता.

आणि त्याच ऑक्टोबरमध्ये चिनी सैन्य तिबेटमध्ये शिरले. २३ मे १९५१ रोजी ल्हासाच्या प्रतिनिधींकडून सतरा कलमी करारावर सही घेतली गेली.

आता करार वाचू, वकिलासारखा. १९५४ च्या कराराचे नाव काय? भारत आणि चीनचा तिबेट प्रदेश यांच्यातील व्यापार व दळणवळण. म्हणजे नावातच तिबेट चीनला लिहून दिला गेला. यातुंग व ग्यान्त्से येथील भारताची लष्करी तुकडी, डाक-तार, विश्रामगृहे, हे सर्व ब्रिटिशांकडून आलेले हक्क सोडले गेले. साम्राज्यवादी वारसा सोडला याबद्दल तक्रार नाही. पण बदल्यात काय मिळाले? यात्रेकरू व व्यापारी यांच्यासाठी सहा खिंडींची नावे आहेत, शिपकी ला पासून लिपुलेखपर्यंत. सीमा कुठून जाते याबद्दल अख्ख्या करारात एक शब्द नाही. पाच तत्त्वे आहेत ती प्रस्तावनेत. दस्तऐवजाची प्रस्तावना शोभेची असते, भांडण लागले की कोर्ट कलमे बघते, हे सनदेच्या पहिल्या वर्षाचा वकीलही सांगेल. मुदत आठ वर्षांची होती. जून १९६२ मध्ये ती संपली आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध झाले.

चौंना दोष देता येत नाही. ते आपल्या अशिलाचे काम करत होते आणि उत्तम करत होते. प्रश्न आहे आपल्या बाजूच्या वकिलाने काय केले हा. बाबासाहेबांनी तोच विचारला. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले त्याची कारणे सांगताना हिंदू कोड बिल आपल्याला पाठ असते, पण त्यात परराष्ट्र धोरणाचेही कारण होते हे आपण विसरतो. मित्र उरले नाहीत, म्हणून साडेतीनशे कोटींच्या महसुलातील एकशे ऐंशी कोटी सैन्यावर जातात, हा त्यांचा हिशेब होता. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत ते आणखी स्पष्ट बोलले. पंचशील हा बौद्ध धम्माचा गाभा आहे, माओचा त्यावर विश्वास असता तर स्वतःच्या देशातील बौद्धांशी ते वेगळे वागले असते, असा त्यांचा मुद्दा होता. चीनला ल्हासाचा ताबा घेऊ देऊन आपण त्याला आपल्या सरहद्दीवर आणून बसवले, हा दुसरा मुद्दा. यात अमेरिकेचे प्रेम कुठे आहे? यात धम्माच्या शब्दाला राजकारणाच्या बाजारात नेल्याची चीड आहे आणि आठ वर्षे आधी दिलेला इशारा आहे.

चौ मात्र त्या वर्षी यशाच्या शिखरावर होते. एप्रिल ते जुलै १९५४ या काळात जिनेव्हा परिषद झाली. अमेरिकेचे डलेस यांनी त्यांच्याशी हस्तांदोलन टाळले असे सांगतात. परिषद मधेच थांबली तेव्हा ते जूनच्या अखेरीस दिल्लीला आले, मग रंगूनला, आणि तिथून चीन-व्हिएतनाम सीमेजवळ हो ची मिन्ह यांना भेटले. फ्रेंचांना युद्धात हरवलेल्या हो ची मिन्ह यांना त्यांनी देशाची फाळणी मान्य करायला लावली, १७ व्या अक्षांशावर. अमेरिका युद्धात उतरू नये ही चीनची गरज होती. व्हिएतनामी हे कधी विसरले नाहीत. क्रांतीचे बंधुत्व आणि राष्ट्राचा स्वार्थ यांत चौंनी दुसऱ्याची निवड केली.

एप्रिल १९५५ ची बांडुंग परिषद हा त्यांच्या आयुष्यातील सर्वात देखणा प्रसंग. तोही मृत्यूच्या सावलीत झाला. चिनी शिष्टमंडळासाठी एअर इंडियाचे काश्मीर प्रिन्सेस हे विमान ठरले होते. ११ एप्रिल रोजी हाँगकाँगहून निघाल्यावर समुद्रावर त्यात बाँब फुटला. एकोणीसपैकी सोळा जण गेले. चौ त्या विमानात नव्हते, ते वेगळ्या मार्गाने रंगूनला गेले. कटाची कुणकुण त्यांना आधी लागली होती काय, यावर आजही वाद आहे. लागली होती आणि तरी इतरांना त्या विमानात बसू दिले, असे असेल तर तो हिशेब फार थंड रक्ताचा. जळते विमान पाण्यावर उतरवताना कॅप्टन जठार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी यांनी प्राण दिले. वाचलेल्या तिघांत सहवैमानिक दीक्षित आणि अभियंता अनंत कर्णिक होते. कर्णिकांनी पुढे त्यावर पुस्तक लिहिले.

बांडुंगमध्ये २९ देश जमले होते आणि त्यांतील अनेकांना कम्युनिझमची भीती वाटत होती. काहींनी चीनवर तोंडसुख घेतले. चौंनी तयार भाषण छापील वाटून टाकले आणि दुपारच्या सुटीत नवे लिहून काढले. भांडायला आलो नाही, मतभेद बाजूला ठेवून जे समान आहे ते शोधू, असा त्याचा आशय. इंडोनेशियातील चिनी लोकांच्या दुहेरी नागरिकत्वाचा गुंता त्यांनी तिथेच तह करून सोडवला. अमेरिकेशी बोलायची तयारी जाहीर केली, आणि त्यातून राजदूत पातळीवरची बोलणी सुरू झाली. वासाहतिक गुलामीतून बाहेर पडलेल्या काळ्या-पिवळ्या-सावळ्या माणसांची ती पहिली पंचायत होती. तिचे मोल आपण जातीच्या गुलामीतून बाहेर पडू पाहणाऱ्यांनी कमी लेखू नये.

याच काळात चीनच्या परराष्ट्र धोरणाने तथागतांनाही कामाला लावले. १९५३ मध्ये सरकारच्या आशीर्वादाने चिनी बौद्ध संघटना निघाली. पेकिंगमधील बुद्धांचा दंतधातू १९५५ मध्ये ब्रह्मदेशात दर्शनासाठी पाठवला गेला, १९६१ मध्ये सिलोनला. घरात विहारांच्या जमिनी गेल्या, भिक्खूंना चीवर उतरवावे लागले, आणि दारात आलेल्या बौद्ध देशांपुढे धातूंची मिरवणूक.

आणि मग १९५६ चा नोव्हेंबर. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मचक्र फिरले होते. २० नोव्हेंबरला काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना मांडली. दुःख आणि शोषण संपवण्याचे ध्येय दोघांचेही आहे, पण हुकूमशाहीच्या जोरावर बसवलेली समता तो जोर निघून गेल्यावर टिकणार कशी, हा त्यांचा सवाल होता. आठच दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, चौ एन लाय दिल्लीत उतरले. बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षासाठी दलाई लामा आधीच भारतात आले होते आणि परत न जाण्याचा विचार करत होते. चौंनी त्यांची भेट घेतली, समजावले, गर्भित इशाराही दिला. नेहरूंनीही परत जाण्याचाच सल्ला दिला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा चौ भारताच्या दौऱ्यावरच होते. जानेवारीत ह्युएन त्संगच्या अस्थी चीनतर्फे नालंदा येथे नेहरूंच्या हाती देण्यात आल्या, आणि त्या देण्यासाठी चीनने पुढे केले दलाई लामांनाच. ते परत ल्हासाला गेले. मार्च १९५९ मध्ये त्यांना रात्री वेष बदलून पळून यावे लागले.

सीमेचा प्रश्न चौंनी कागदावर आणला तो २३ जानेवारी १९५९ च्या पत्राने. सीमा कधी रीतसर आखलेलीच नाही, हा त्यांचा मुद्दा. १९५४ च्या कराराने सोडलेली मोकळी जागा त्यांनी बरोबर हेरली होती. अक्साई चीनमधून त्यांचा रस्ता १९५७ मध्येच पूर्ण झाला होता. एप्रिल १९६० मध्ये ते पुन्हा दिल्लीला आले, सात दिवस राहिले. पूर्वेकडे आम्ही तुमचे वास्तव मान्य करतो, पश्चिमेकडे तुम्ही आमचे करा, असा त्यांचा रोख होता. नेहरूंनी मानला नाही. चौ एकेका मंत्र्याकडे गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यामुळे आपल्याला पुरेपूर परिचित असलेले मोरारजी देसाई यांच्याकडची भेट तर चांगलीच कडवट झाली. २५ एप्रिलच्या रात्री पत्रकारांसमोर ते मध्यरात्र उलटेपर्यंत उत्तरे देत राहिले आणि रिकाम्या हाताने गेले. त्याच वर्षी ब्रह्मदेशाशी, पुढच्या वर्षी नेपाळशी आणि १९६३ मध्ये पाकिस्तानशी त्यांनी सीमातह केले. तडजोड तेव्हा करायला हवी होती काय? माझे मत असे, की करायची होती तर १९५४ मध्ये, हातात देण्याघेण्यासारखे काही होते तेव्हा.

२० ऑक्टोबर १९६२ ला युद्ध झाले, २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी थांबवले. युद्ध चालू असतानाच चौंनी आशिया-आफ्रिकेच्या नेत्यांना नकाशे जोडून लांबलचक पत्र पाठवले होते. दावा दाखल करताना कागदपत्रे जोडावीत तसे. आपल्याकडे कृष्ण मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, हे सर्वांना माहीत आहे. भारतात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, बायका-मुलांसह, खटला न चालवता राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले, हे मात्र पाठ्यपुस्तकात नाही. घटनेची शपथ घेणाऱ्यांनी तेही लक्षात ठेवावे.

रशियाशी तोवर फाटले होते. १९६० मध्ये रशियन तंत्रज्ञ परत गेले. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये मॉस्कोच्या पक्ष अधिवेशनातून चौ स्टॅलिनच्या समाधीवर पुष्पचक्र वाहून निघून आले. दोन्ही महासत्तांशी वैर, मग मित्र कोठे शोधायचे? डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४ चौंनी आफ्रिकेतील दहा देश पालथे घातले आणि मदतीची आठ तत्त्वे जाहीर केली. टांझानिया-झांबियाची १,८६० किलोमीटरची रेल्वे त्यातूनच उभी राहिली. गोऱ्या ऱ्होडेशिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या कचाट्यातून झांबियाच्या तांब्याला वाट मिळाली. पाश्चात्त्य देशांनी परवडत नाही म्हणून नाकारलेले ते काम होते. इथे चौंना मनापासून सलाम करावा लागतो.

पण १९६६ ची सांस्कृतिक क्रांती आली आणि शिरस्तेदार पुन्हा दिसला. रेड गार्ड विहार फोडत होते. पोताला प्रासादासारखी काही स्थळे सैन्य पाठवून चौंनी वाचवली. ऑगस्ट १९६७ मध्ये पेकिंगची ब्रिटिश कचेरी जाळली गेली. राजदूत एक सोडून सर्व परत बोलावले गेले, फक्त कैरोत एक उरला. काहींना त्यांनी वाचवले, आणि अनेकांच्या अटकेच्या कागदावर सहीही केली. स्वतःच्या धाकट्या भावाच्याही. मानसकन्या सुन वेइशी १९६८ मध्ये कोठडीत मेली. राहून थोडे तरी वाचवावे की निघून जावे? बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद फेकले. चौंना राजीनाम्याची सोयच नव्हती हे खरे, कारण तिथे विरोधी बाकच नव्हते.

१९६९ मध्ये रशियाशी उसुरी नदीवर गोळीबार झाला आणि शिआनचे जुने सूत्र बाहेर आले. मुख्य शत्रू रशिया, मग अमेरिकेशी हात मिळवा. जुलै १९७१ मध्ये किसिंजर गुपचूप पेकिंगला गेले ते पाकिस्तानमार्गे, याह्याखानांच्या मदतीने. त्याच महिन्यांत पूर्व बंगालमध्ये याह्याखानांचे सैन्य कत्तल करत होते आणि निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते. त्यांत नामशूद्र, म्हणजे जोगेंद्रनाथ मंडलांचे लोक, बाबासाहेबांना संविधान सभेत निवडून पाठवणाऱ्या बंगालचे लोक फार मोठ्या संख्येने होते. शोषितांचा कैवारी म्हणवणारा चीन खुन्याच्या बाजूने उभा राहिला. ऑगस्ट १९७२ मध्ये बांगला देशाचा संयुक्त राष्ट्रसंघातील प्रवेश चीनने नकाराधिकार वापरून रोखला. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी मिळालेल्या जागेचा हा पहिलाच असा वापर.

फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन आले. विमानाच्या शिडीखाली उभ्या चौंकडे त्यांनी स्वतः हात पुढे केला. शांघायच्या संयुक्त निवेदनात दोन्ही बाजूंनी आपापले मतभेद वेगवेगळे लिहिले, ही कल्पना चौंचीच. सप्टेंबरमध्ये जपानशी संबंध जुळले. त्याच वर्षी चौंना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचार लांबले, कारण वरून परवानगी लागे. १९७३ मध्ये पक्षाच्या बैठकांत, अमेरिकेपुढे झुकल्याचा ठपका ठेवून, त्यांना पुन्हा एकदा आपली निर्भर्त्सना करावी लागली. जानेवारी १९७५ मध्ये दवाखान्यातून येऊन त्यांनी शेती, उद्योग, संरक्षण आणि विज्ञान यांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम मांडला.

८ जानेवारी १९७६ रोजी चौ एन लाय वारले. मूल नव्हते, समाधी नको असे सांगून ठेवले होते. त्यांची रक्षा एका शेतीच्या विमानातून नद्यांवर आणि जमिनीवर टाकण्यात आली. माओ अंत्यविधीला गेले नाहीत. एप्रिलच्या आरंभी, पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाला, तिआनमेन चौकात लाखो लोक पुष्पचक्रे घेऊन आले. कोणी बोलावले नव्हते. सरकारने रातोरात ती पुष्पचक्रे गाड्यांत भरून नेली. ५ एप्रिलला लोक ती परत मागायला आले आणि त्यांना लाठ्या मारून हुसकावण्यात आले.